गंजावर संशोधन करायचंय? सांगली-साताऱ्यातल्या कॉलेजातून सुरुवात अशी करा

एम.एस्सी. केमिस्ट्री झाल्यावर किंवा मेकॅनिकल, केमिकलची पदवी घेतल्यावर ज्यांना गंज या विषयात पीएच.डी. करावीशी वाटते, त्यांना पहिला प्रश्न हमखास विचारला जातो तो म्हणजे ‘कॉलेजात पोटेन्शिओस्टॅट (धातूचं विभव ठरवून प्रवाह मोजणारं यंत्र) आहे का?’ आमच्या मते आधी ०.१ मिलिग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा चांगला काटा आहे का ते बघावं. विद्यापीठातला गंजशास्त्रज्ञ शेवटी जगाला काय देतो, तर अमुक धातू अमुक पाण्यात वर्षाला इतका झिजतो, हा विश्वास ठेवण्याजोगा आकडा. पंप बनवणारा, बॉयलर सांभाळणारा, द्राक्षबागेसाठी अँगल विकत घेणारा, सगळे त्या आकड्यावर पैसे लावतात. तो आकडा काढायला हात बसला की पुढची यंत्रं शिकायला वेळ लागत नाही. उलट क्रमाने गेलं तर आलेख सुंदर निघतात, पण ते खरे आहेत की नाहीत हे स्वतःलाच कळत नाही.

आधी एक थेंब

केंब्रिज विद्यापीठात यूलिक एव्हान्स (१८८९–१९८०) यांनी पाण्याच्या एका थेंबाखाली लोखंड कसं गंजतं हे दाखवलं. हा प्रयोग कुठल्याही ज्युनिअर कॉलेजच्या लॅबमध्ये अर्ध्या तासात होतो. १०० मि.लि. डिस्टिल्ड वॉटरमध्ये ३ ग्रॅम मीठ (लॅबमधलं शुद्ध सोडियम क्लोराइड), ०.१ ग्रॅम पोटॅशियम फेरिसायनाइड आणि फिनॉल्फ्थॅलीनच्या १ टक्का अल्कोहोल द्रावणाचा साधारण १ मि.लि. मिसळा. माइल्ड स्टीलचा तुकडा ६०० नंबरच्या एमरी पेपरने घासा, ॲसिटोनने पुसा आणि त्यावर ड्रॉपरने एक मोठा थेंब ठेवा. तुकडा हलवू नका. फेरिसायनाइडच्या जवळ कुठलंही आम्ल आणू नका, विषारी वायू सुटू शकतो.

सुरुवातीला घासलेल्या रेघांवर निळे आणि गुलाबी ठिपके कुठेही उमटतात. थोड्या वेळात ते आपापली जागा धरतात: मधोमध निळा, कडेला गुलाबी, आणि दोघांच्या मध्ये हळूहळू तपकिरी कडं. निळा रंग म्हणजे तिथे लोखंड विरघळतंय, गुलाबी म्हणजे तिथे ऑक्सिजन वापरला जाऊन अल्कली तयार होतेय. थेंबाच्या कडेला हवा सहज पोचते, मध्यभागी पोचत नाही. जिथे ऑक्सिजन कमी, तिथेच धातू खाल्ला जातो. ही एक गोष्ट डोळ्यांनी पाहिली की साखर कारखान्यात गळीत हंगाम संपल्यावर ओल्या बगॅसच्या थराखाली पत्र्याला खड्डे का पडतात, पाइपात साचलेल्या गाळाखालीच भोक का पडतं, हे वेगळं पाठ करावं लागत नाही.

विषय आपल्या तालुक्यातून घ्या

आपल्याकडच्या कॉलेजांत सगळ्यात जास्त घेतला जाणारा विषय म्हणजे कुठल्या तरी वनस्पतीच्या पानांचा अर्क, एक मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल आणि त्यात माइल्ड स्टीलचं संरक्षण. हात बसवायला हा विषय चांगला आहे, कारण आम्लात गंज जलद होतो आणि काही तासांत निकाल मिळतो. पण पीएच.डी.ची चार-पाच वर्षं त्यात घालण्याआधी तीन गोष्टी तपासा. अर्कात नेमकं कोणतं संयुग काम करतंय हे कळण्याची सोय आहे का? अर्क महिनाभर ठेवला तर तो तसाच राहतो का, की आंबतो? आणि आम्लात ९० टक्के संरक्षण देणारा अर्क साध्या पाण्यात काय करतो? बहुतेक वेळा काहीच करत नाही. तिसऱ्या प्रश्नाला बगल देणारे प्रबंध ढिगाने आहेत.

याच विषयातली आणखी एक नेहमीची चूक. अर्काच्या संहतीला पृष्ठव्यापाने (धातूचा किती भाग अर्काने झाकला त्या प्रमाणाने) भागून तो भागाकार संहतीसमोर मांडला आणि रेघ सरळ आली, की ‘लँगम्यूर समीकरण (पृष्ठभागावर रेणूंचा एकच थर बसतो असं मानणारं) पाळलं’ असं लिहितात. दोन्ही अक्षांवर संहतीच आहे, मग रेघ सरळ येणारच. ०.९९ चा सहसंबंध इथे काहीही सिद्ध करत नाही. रेघेचा उतार एकच्या जवळ आहे का, आणि तापमान बदलल्यावर आकडे सुसंगत राहतात का, हे पाहा.

त्यापेक्षा आजूबाजूला बघा. तासगाव-मिरज पट्ट्यात द्राक्षबागांवर बोर्डो मिश्रण फवारतात: १ टक्क्याला १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी. चुना कमी पडला तर मिश्रणात बुडवलेल्या कोयत्याच्या पात्यावर तांबूस थर चढतो, ही परीक्षा बागायतदारांना माहीत असते. तेच तांबं मांडवाच्या जस्त चढवलेल्या तारेवर बसलं तर त्या ठिकाणी जस्त लवकर संपतं. किती लवकर, मिश्रणाचा सामू बदलला की त्यात किती फरक पडतो, फवारणीनंतर तार पाण्याने धुतली तर तिचं आयुष्य किती वाढतं? हा प्रबंधाचा विषय आहे. उसाच्या रसाचा सामू पाच-साडेपाचच्या आसपास असतो. त्यात रोलर आणि पत्रे झिजतात, हा दुसरा. जत, आटपाडी, कवठे महांकाळकडचं जड आणि खारट बोअरचं पाणी आणि त्यातल्या सबमर्सिबल पंपाचे भाग, हा तिसरा.

आणि आमच्या सगळ्यात आवडीचा विषय हवेतल्या गंजाचा. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, आणि तिथून दीडशे-दोनशे किलोमीटरवरच्या जत-आटपाडीत त्याच्या जेमतेम दहावा हिस्सा. महाबळेश्वर, सातारा, कराड, सांगली, जत अशा पाच गच्च्यांवर माइल्ड स्टीलच्या एकाच पत्र्यातून कापलेले तुकडे लावायचे आणि ठरलेल्या महिन्यांनी काढून वजन करायचं. आयएसओ ९२२३ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे पहिल्या वर्षाची झीज २५ ते ५० मायक्रोमीटर निघाली तर ती जागा सी३ (मध्यम गंजाच्या) गटात, ५० ते ८० असेल तर सी४ (जास्त गंजाच्या) गटात. या आकड्यावरून टॉवर, पूल आणि सोलरच्या सांगाड्यांना किती जाड जस्त हवं ते ठरवता येतं. तुकडे १०० गुणिले १५० मि.मी.चे, दक्षिणेकडे तोंड करून ४५ अंशांत, प्लॅस्टिकच्या खोबणीत. एक संच जूनमध्ये आणि एक नोव्हेंबरमध्ये लावा. पावसात बसलेला पहिला थर आणि कोरड्या दिवसांत बसलेला थर सारखे नसतात. पक्ष्यांची विष्ठा पडलेला तुकडा हिशोबात धरायचा नाही. आणि गच्चीला कुलूप असावं, भंगारात जाणाऱ्या तुकड्यांनी तीन वर्षांचं काम बुडवलेलं आहे.

जवळचा प्रश्न हाती घेऊन मोठं काम होतं याचं उदाहरण आपल्या देशातच आहे. आयआयटी कानपूरचे प्रा. आर. बालसुब्रमण्यम (१९६१–२००९) यांनी दिल्लीच्या लोहस्तंभाचा अभ्यास केला. त्या लोखंडातलं जास्तीचं फॉस्फरस आणि त्यामुळे पृष्ठभागावर बसणारा संरक्षक थर यांचा संबंध त्यांनी उलगडून दाखवला.

वजन-घट चाचणी, जशी करायला हवी तशी

ही चाचणी सोपी दिसते, म्हणून निष्काळजीपणे केली जाते. एएसटीएम या अमेरिकी संस्थेची जी१ आणि जी३१ ही दोन मानकं छापून टेबलावर ठेवा.

पत्रा एकाच शीटमधून घ्या आणि विकत घेताना टेस्ट सर्टिफिकेट मागा. कुपवाड किंवा मिरज एमआयडीसीतल्या वर्कशॉपमध्ये ५० × २५ × २ मि.मी.चे तुकडे कापून मिळतात, टांगायला ३ मि.मी.चं भोक पाडून घ्या. शिअरिंग मशीनवर कापलेली कड दाबली गेलेली असते आणि बाकी भागापेक्षा जलद गंजते, म्हणून कडा किमान एखादा मिलिमीटर घासून काढा. नंबर पंचाने ठोका. मार्करचा नंबर ॲसिटोनने जातो आणि मग कुठला तुकडा कुठला हे देवाला माहीत.

एमरी पेपर १२०, २२०, ४००, ६०० या क्रमाने. प्रत्येक वेळी दिशा काटकोनात बदला, म्हणजे आधीच्या रेघा गेल्या की नाहीत ते दिसतं. मापं घासल्यानंतर घ्या, आधी नव्हे. साबण, डिस्टिल्ड वॉटर, ॲसिटोन, मग हेअर ड्रायरची कोमट हवा. इथून पुढे तुकड्याला बोट लावायचं नाही, चिमटा वापरा. जुलै-ऑगस्टमध्ये ॲसिटोन उडताना तुकडा थंड पडतो, दमट हवेतलं पाणी त्यावर धरतं आणि दोन मिनिटांत तांबूस झाक येते. कोमट हवा त्यासाठीच आहे. डेसिकेटरमध्ये तासभर ठेवून वजन करा. सिलिका जेल गुलाबी झालं असेल तर आधी भाजून निळं करून घ्या.

भोकाकडे दुर्लक्ष केलं तर वरच्या मापाच्या तुकड्याचं क्षेत्रफळ २८ चौ.सें.मी. येतं. भोक धरलं तर फरक पाव टक्क्याहूनही कमी. दर चौ.सें.मी.ला किमान २० मि.लि. पाणी हवं, म्हणजे एका तुकड्याला ५६० मि.लि.; लिटरचा बीकर घ्या, २५० चा चालणार नाही. पाणी कमी असलं की त्यातच लोह साठतं, सामू बदलतो आणि तुम्ही सुरुवातीला घेतलेलं पाणी राहतच नाही. नायलॉनच्या धाग्याने टांगा, तांब्याच्या तारेने कधीही नाही. तीन तुकडे, तीन वेगळे बीकर. एकाच बीकरमध्ये दोन वेगळे धातू ठेवू नका.

कृष्णेचं पाणी घेणार असाल तर आयर्विन पुलाजवळून घेतलेला मार्चचा नमुना आणि पुराच्या दिवसांतला नमुना ही दोन वेगळी पाणी समजा. सामू आणि विरघळलेला ऑक्सिजन जागेवरच मोजा; क्लोराइड, अल्कता, कठीणपणा, सल्फेट आणि वाहकता लॅबमध्ये त्याच दिवशी. कॅन भरून आठवडाभर ठेवला तर कार्बन डायऑक्साइड उडतो, कॅल्शियम कार्बोनेट तळाशी बसतं आणि गंजाचा वेग बदलतो. चाचणी चालू असताना पाणी उडालं तर डिस्टिल्ड वॉटरने खुणेपर्यंत भरा. नदीचंच पाणी ओतत राहिलात तर क्षार वाढत जातात, आणि एप्रिल-मे महिन्यात सांगलीत पाणी उडतं भरपूर. थर्मोस्टॅट नसेल तर दिवसातून तीनदा तापमान लिहा. वीज गेलेल्या तासांचीही नोंद हवी.

गंज काढायला ३.५ ग्रॅम हेक्झामीन, ५०० मि.लि. तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल आणि एकूण १ लिटर होईल इतकं डिस्टिल्ड वॉटर. आम्ल पाण्यात ओता, उलट नको. फ्यूम हूड आणि चष्मा हवाच. तुकडा २० ते २५ अंशांना १० मिनिटं ठेवा. आपल्याकडे उन्हाळ्यात लॅब ३५ अंशांवर असते, तेवढ्या गरम आम्लात चांगला धातूही जातो. बीकर बर्फाच्या पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवून तापमान खाली आणा. शिवाय न गंजलेला एक तुकडा तेवढाच वेळ त्याच आम्लात ठेवून त्याचं वजन किती घटतं ते पाहा आणि ती घट वजा करा. सफाई दोन-तीनदा करून प्रत्येक फेरीनंतर वजन घेतलं तर आणखी बरं: आधी वजन झपाट्याने उतरतं, तो गंज, नंतर हळू आणि सारखं उतरतं, तो धातू. ती हळू उतरणारी रेघ मागे शून्य फेरीपर्यंत नेली की खरी घट मिळते.

आता हिशोब. मिलिमीटर प्रतिवर्ष वेग = ८७.६ × घट (मि.ग्रॅ.) ÷ [घनता (ग्रॅम प्रति घन सें.मी.) × क्षेत्रफळ (चौ.सें.मी.) × तास]. समजा १६८ तासांत ४६ मि.ग्रॅ. घट झाली, आणि न गंजलेल्या तुकड्याची घट ३. खरी घट ४३. घनता ७.८६, क्षेत्रफळ २८. उत्तर ०.१०२ मि.मी. प्रतिवर्ष.

इथे थांबू नका. चाचणी पुरेशी लांब होती का? साधा नियम असा की ५० ला या वेगाने भागा, तेवढे तास तरी चाचणी चालायला हवी. ५० ÷ ०.१०२ म्हणजे सुमारे ४९० तास, जवळपास वीस दिवस. एका आठवड्याची चाचणी अपुरी ठरली. पहिल्या दिवसांत गंज जलद असतो, मग थर बसून मंदावतो. आठवड्याचा आकडा वर्षावर पसरवला की धातू आहे त्यापेक्षा वाईट दिसतो. चाचणी परत लावा.

सरासरीच्या आड खड्डेही लपतात. ०.१ मि.मी. सरासरी झीज झालेल्या पत्र्याला अर्ध्या मिलिमीटरचा खड्डा असू शकतो, आणि टाकी गळते ती खड्ड्यातून. सूक्ष्मदर्शकाखाली आधी पृष्ठभागावर, मग खड्ड्याच्या तळावर फोकस करा; फाइन फोकसच्या चाकावरचा फरक म्हणजे खोली. सगळ्यात खोल दहा खड्डे लिहून ठेवा.

मग पोटेन्शिओस्टॅट

आता यंत्राकडे वळायला हरकत नाही. १ चौ.सें.मी. तोंड उघडं ठेवून बाकी तुकडा, मागे तार जोडून, इपॉक्सीत ओता. सगळ्यात जास्त वेळा बिघडतं ते इथेच: इपॉक्सी आणि धातू यांच्यात केसाएवढी फट राहते, तिथे वेगळाच गंज सुरू होतो आणि आलेख दर वेळी निराळा येतो. प्रयोग झाल्यावर कडेला तपकिरी रेघ दिसली तर तो निकाल फेकून द्या.

आधी मोकळं विभव (बाहेरून प्रवाह न देता धातूचं आपोआप ठरणारं विभव) स्थिर होऊ द्या, किमान अर्धा तास, नदीच्या पाण्यात एक तास. मग रेषीय ध्रुवीकरण, म्हणजे विभव थोडं सरकवून प्रवाह मोजणं: मोकळ्या विभवाच्या दोन्ही बाजूंना १० ते २० मिलिव्होल्ट, वेग सेकंदाला ०.१६६७ मिलिव्होल्ट. उताराने रोध मिळतो. स्टर्न आणि गीअरी यांच्या १९५७ च्या समीकरणात दोन्ही टाफेल उतार (प्रवाह दहापट व्हायला विभव किती सरकावं लागतं तो आकडा) १२० मिलिव्होल्ट धरले तर स्थिरांक २६ मिलिव्होल्ट येतो. रोध २६०० ओहम-चौ.सें.मी. असेल तर प्रवाह (स्थिरांक ÷ रोध) १० मायक्रोॲम्पिअर प्रति चौ.सें.मी.; लोखंडासाठी १ मायक्रोॲम्पिअर म्हणजे वर्षाला ०.०११६ मि.मी., म्हणून ०.११६. वजन-घटीच्या ०.१०२ शी जुळलं. दोन पद्धतींत दुपटीपर्यंत फरक समजून घेता येतो. दहापट फरक आला तर क्षेत्रफळ, एकक किंवा ती इपॉक्सीची फट तपासा.

टाफेल आलेखाबद्दल एकच आग्रह. आम्लात दोन्ही बाजूंना सरळ रेघ मिळते. हवा विरघळलेल्या साध्या पाण्यात कॅथोडची बाजू ऑक्सिजन पोचण्याच्या वेगाने बांधलेली असते, तिथे प्रवाह जवळपास स्थिर राहतो. त्या भागावर पट्टी ठेवून उतार काढणं चुकीचं आहे, सॉफ्टवेअरने काढून दिला तरीही. प्रवाह किमान दहापट होईपर्यंत सरळ भाग टिकला पाहिजे. नदीच्या पाण्याची वाहकता कमी असल्याने द्रावणाचा रोधही मध्ये येतो. इम्पिडन्स (प्रत्यावर्ती विद्युतप्रवाहाला होणारा रोध) मोजणीत १०० किलोहर्ट्झच्या बाजूला तो दिसतो, तो वजा करूनच आकडे लिहा. विभव मोजायला संदर्भ म्हणून वापरलेल्या कॅलोमेल इलेक्ट्रोडचं पोटॅशियम क्लोराइड पाण्यात पाझरून क्लोराइड वाढवतं, लांब प्रयोगात सॉल्ट ब्रिज वापरा. आणि प्रत्येक विभवापुढे कोणता संदर्भ इलेक्ट्रोड ते लिहा: संतृप्त कॅलोमेल हायड्रोजनच्या मानाने ०.२४१ व्होल्ट, सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइड ०.१९७.

नोकरी, फेलोशिप, रोजचं काम

सांगली, सातारा आणि कोल्हापूरची बहुतेक कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली. साताऱ्यात आता कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठही आहे. रसायनशास्त्रवाल्यांनी सीएसआयआर-यूजीसी नेट, इंजिनिअरिंगवाल्यांनी गेट धरावी. जेआरएफ (कनिष्ठ संशोधन फेलोशिप) मिळाली तर जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये, पुढे एसआरएफला (वरिष्ठ फेलोशिप) ४२,०००. राज्य सरकारच्या बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थांच्या फेलोशिपच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. पीएच.डी.ला किमान तीन वर्षं लागतात, मुदत सहा. हवेतल्या गंजाचा विषय घेतलात तर तुकडे पहिल्याच सत्रात गच्चीवर गेले पाहिजेत, कोर्सवर्क संपायची वाट बघू नका. सहायक प्राध्यापकपदासाठी नेट किंवा महाराष्ट्राची सेट, पगार ५७,७०० च्या मूळ वेतनापासून.

मार्गदर्शक निवडताना त्यांच्या प्रबंधांची यादी वाचण्याआधी त्यांच्या विद्यार्थ्यांच्या लॅब वह्या बघायला मागा. वह्यांत बिघडलेल्या प्रयोगांची नोंद असेल तर तिथे जा. महागडी उपकरणं जवळ नसली तरी अडत नाही. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आणि एक्स-रे विवर्तनाची सोय शिवाजी विद्यापीठातल्या आणि आयआयटी मुंबईतल्या सामायिक केंद्रांत पैसे भरून मिळते. गंजाचाच विचार करणारी मोठी ठिकाणं म्हणजे कराईकुडीची विद्युतरसायन संशोधन संस्था सीईसीआरआय, कल्पाक्कमचं इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्र, अंबरनाथची नौदल पदार्थ संशोधन प्रयोगशाळा. एक-दोन महिन्यांची इंटर्नशिप मिळवायचा प्रयत्न जरूर करा.

कॉलेजात नोकरी लागल्यावर आठवड्याचा मोठा भाग तासिका, प्रॅक्टिकल आणि परीक्षेत जातो, संशोधनाला वेळ राखून ठेवावा लागतो. म्हणून स्वतःहून चालत राहणाऱ्या चाचण्या आखा: बीकरमधले तुकडे आणि गच्चीवरचे तुकडे तास चालू असतानाही गंजत असतात.

आणि नाव झालं की कारखान्यांकडून फुटलेले पाइप आणि गळकी ट्यूब यायला लागतात. त्यावेळी फोनवरच सांगा: घासू नका, धुऊ नका, रंग लावू नका. गंजाचा थर हाच पुरावा आहे. काढण्याआधी फोटो, त्यात मोजपट्टी. वरची बाजू आणि प्रवाहाची दिशा बाणाने. बाजूचा न फुटलेला तुकडाही सोबत. आत साचलेला गाळ कोरड्या बाटलीत. आणि मागच्या वर्षभरातल्या पाण्याच्या तपासण्या, बंद-चालूच्या तारखा. यातलं काही नसेल तर अहवालात कारण ‘संभाव्य’ म्हणूनच लिहा, समोरच्याने कितीही ठाम उत्तर मागितलं तरी. तुमच्या सहीच्या भरवशावर तिथे पुढच्या वर्षीचे पाइप घेतले जाणार असतात.